चाकोऱ्यांपासून सुरुवात: हवाई छायाचित्रांवरून क्षेपणास्त्र तळाची उभारणी कशी अभ्यासावी

हवाई छायाचित्र हाती आले की नवशिका अभ्यासक पहिल्यांदा क्षेपणास्त्र शोधू लागतो, आणि बहुतेक वेळा तिथेच त्याची फसगत होते. क्षेपणास्त्र ताडपत्रीखाली, तंबूत किंवा जमिनीखाली ठेवता येते. परंतु ते तिथवर नेण्यासाठी रुंद केलेले वळण, त्याच्याखाली ओतलेले काँक्रीट, त्या काँक्रीटसाठी आलेली खडी आणि या सगळ्यासाठी राबणाऱ्या माणसांच्या राहुट्या लपवणे फार कठीण असते. म्हणून या मार्गदर्शिकेत क्षेपणास्त्राऐवजी वाहतूक आणि बांधकाम कसे वाचावे, हे सांगण्याचा प्रयत्न आहे. उदाहरणासाठी मी १९६२ साली क्युबात उभारल्या जाणाऱ्या आणि अमेरिकी टेहळणी विमानांनी टिपलेल्या सोव्हिएत तळांची निवड केली आहे, कारण त्यांची छायाचित्रे आता खुली आहेत, त्या वेळच्या विश्लेषकांचे निष्कर्ष उपलब्ध आहेत आणि सोव्हिएत बाजूची माहितीही पुढे प्रकाशात आल्यामुळे आपले उत्तर बरोबर आले की चुकले, हे तपासून पाहता येते. शिकण्यासाठी ही तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे.

एक सूचना आरंभीच द्यायला हवी. हा अभ्यास गोपनीयतेतून मुक्त झालेल्या, ऐतिहासिक छायाचित्रांवरच करावा. भारतात शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ अन्वये संरक्षणविषयक प्रतिबंधित ठिकाणांचे नकाशे, आराखडे किंवा छायाचित्रे तयार करणे हा गंभीर गुन्हा ठरू शकतो, आणि कार्यरत तळाविषयी काही प्रसिद्ध करण्याने कोणाचे तरी प्राण धोक्यात येऊ शकतात. पद्धत शिकण्यासाठी साठ वर्षांपूर्वीची सामग्री पुरेशी आहे, किंबहुना अधिक चांगली आहे.

चित्र उघडण्यापूर्वी

आपला प्रश्न आधी कागदावर लिहून काढा. “इथे काय आहे?” हा प्रश्न फार मोठा आणि म्हणून निरुपयोगी आहे. “सान क्रिस्तोबाल परिसरातील पहिल्या तळावर २० मीटर लांबीचा ट्रेलर कोणत्या रस्त्याने पोहोचू शकला असता?” किंवा “ग्वानाहाय येथील काँक्रीटचे काम १७ ऑक्टोबरला कोणत्या टप्प्यावर होते?” असे नेमके प्रश्न हवेत. प्रश्न नेमका असला की चित्रातील नव्वद टक्के तपशील बाजूला सारता येतात.

त्यानंतर पार्श्वभूमी समजून घ्यावी. सोव्हिएत संघाने क्युबात दोन प्रकारची मोठी क्षेपणास्त्रे नेण्याचे ठरवले होते. पहिले मध्यम पल्ल्याचे आर-१२, ज्याला पाश्चात्त्य देश एसएस-४ म्हणत; त्याचा पल्ला सुमारे २००० किलोमीटर होता. दुसरे आर-१४, म्हणजे एसएस-५. त्याचा पल्ला ४००० किलोमीटरहून अधिक होता. आर-१२चे चार तळ सान क्रिस्तोबाल परिसरात आणि दोन साग्वा ला ग्रांदे परिसरात आढळले. आर-१४चे दोन ग्वानाहाय येथे आणि एक रेमेदियोस येथे. या दोन प्रकारांतील फरक पुढे वारंवार उपयोगी पडणार आहे. आर-१२चा तळ जवळजवळ फिरता होता, कारण मोकळी जागा, काँक्रीटचा लहानसा ओटा, त्यावर ठेवायचा प्रक्षेपण मंच आणि चाकांवरची सारी सामग्री एवढ्यावर त्याचे काम भागत असे. आर-१४ला मात्र कायमस्वरूपी बांधलेले मंच आणि नियंत्रण-कोठड्या लागत.

इंधनाचीही माहिती करून घ्यावी. आर-१२ साठवता येण्याजोग्या द्रवांवर चालत असे. त्याचा ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जळण्यासाठी ऑक्सिजन पुरवणारा द्रव, नायट्रिक आम्लावर आधारित होता. त्यामुळे तळाजवळ द्रवरूप ऑक्सिजन तयार करणारा किंवा साठवणारा अवजड कारखाना शोधण्यात अर्थ नव्हता. शोधायचे होते ते टाकी बसवलेले ट्रेलर, तेही दोन वेगळ्या गटांत उभे केलेले, कारण इंधन आणि ऑक्सिडायझर परस्परांपासून दूर ठेवावे लागतात. यंत्र कसे चालते हे ठाऊक असेल तरच त्याच्या दारात कोणती गाडी उभी राहील हे सांगता येते.

चित्रे कुठून मिळवावीत आणि कोणती टाळावीत

क्युबाविषयीची बरीच छायाचित्रे जॉन एफ. केनेडी ग्रंथालय, अमेरिकेचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह यांच्याकडे पाहायला मिळतात. त्या काळात राष्ट्रीय छायाचित्र विश्लेषण केंद्रात काम केलेल्या डिनो ब्रुजिओनी यांचा संग्रह नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्हकडे आहे. सोव्हिएत भूमीचा अभ्यास करायचा असेल तर कोरोना उपग्रहांची चित्रे घ्यावीत. फेब्रुवारी १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने १९६० ते १९७२ या काळातील आठ लाखांहून अधिक चित्रे खुली झाली आणि ती अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावरून मिळतात. मात्र सुरुवातीच्या कोरोना चित्रांत साधारण १२ मीटरपेक्षा लहान वस्तू ओळखू येत नसे आणि शेवटच्या काळात ती मर्यादा सुमारे दोन मीटरवर आली, हे ध्यानात ठेवावे. १९६१च्या चित्रावरून ट्रक मोजायला बसू नये.

सर्वत्र फिरणारी, बाण आणि इंग्रजी लेबले लावलेली चित्रे ही मूळ छायाचित्रे नव्हेत. ती मंत्र्यांना आणि पत्रकारांना समजावण्यासाठी कापून, मोठी करून, चिठ्ठ्या चिकटवून तयार केलेले फलक आहेत. त्यांचे मूळ प्रमाण हरवलेले असते, आणि त्याहून मोठा धोका असा की लेबल वाचल्यावर डोळ्याला तेच दिसू लागते. असाच फलक हाती असेल तर लेबलांवर पांढरे चौकोन टाकून ती झाकावीत, आपली निरीक्षणे लिहून काढावीत आणि मगच चौकोन हटवावेत. सराव म्हणून मला याहून प्रामाणिक पद्धत माहीत नाही. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांनी नंतर लिहिले आहे की या तळांविषयीच्या पहिल्या बैठकीत दाखवलेले चित्र त्यांना शेतासाठी साफ केलेल्या किंवा घराच्या पायासाठी खणलेल्या जागेसारखे वाटले होते, आणि काही दिवसांनी, काम पुढे गेल्यावरही, राष्ट्राध्यक्षांना ती जागा फुटबॉलच्या मैदानासारखी भासली होती. न शिकलेल्या डोळ्याला एवढेच दिसते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

प्रमाण आणि मोजमाप

इथे सावकाश जावे, कारण पुढचे सगळे निष्कर्ष यावर उभे आहेत. उभ्या, म्हणजे कॅमेरा सरळ खाली रोखून घेतलेल्या, छायाचित्राचे प्रमाण काढण्याचे सूत्र सोपे आहे: कॅमेऱ्याचे नाभीय अंतर (फोकल लेन्ग्थ) भागिले जमिनीपासूनची उंची. यू-२ या उंचावरून उडणाऱ्या टेहळणी विमानातील “बी” कॅमेऱ्याचे नाभीय अंतर ३६ इंच, म्हणजे तीन फूट होते. विमान ७२,००० फुटांवर असेल तर ३ भागिले ७२,००० म्हणजे १ : २४,००० असे प्रमाण येते. या प्रमाणावर जमिनीवरील २० मीटर लांबीची वस्तू फिल्मवर ०.८३ मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान दिसते. ती फिल्म १२०० डीपीआयने (एका इंचात १२०० ठिपके) स्कॅन केली असेल तर एक पिक्सेल जमिनीवरील सुमारे अर्ध्या मीटरइतका भरतो आणि आपली २० मीटरची वस्तू साधारण ३९ पिक्सेलांची होते.

आता मोजण्यात किती चूक होऊ शकते, याचा हिशोब करावा. वस्तूचे टोक नेमके कुठे संपते याविषयी दोन्ही बाजूंना दोन-दोन पिक्सेलांची शंका धरली तर एक ते दोन मीटरची अनिश्चितता तिथेच आली. उंची ७२,००० ऐवजी ७०,००० फूट असेल तर आणखी अर्ध्या मीटरचा फरक पडतो. हे क्षुल्लक वाटत असेल तर पुढील आकडे पाहावेत: आधीचे आर-५ क्षेपणास्त्र सुमारे २०.७ मीटर लांब होते आणि आर-१२ सुमारे २२.१ मीटर. त्यांतील फरक आपल्या अनिश्चिततेच्या मर्यादेतच बसतो, परंतु पहिल्याचा पल्ला १२०० किलोमीटर आणि दुसऱ्याचा २००० किलोमीटर! शिवाय वाहतुकीत नाकाचा शंकू बसवलेला नसतो, म्हणजे दिसणारी लांबी आणखी कमी. १६ ऑक्टोबरच्या बैठकीत हे मध्यम पल्ल्याचे क्षेपणास्त्र आहे हे कशावरून, असे केनेडींनी विचारले तेव्हा विश्लेषकांचे उत्तर लांबीवर आधारलेले होते, आणि त्या पहिल्या दिवसांत दोन प्रकारांमध्ये निवड करणे सोपे नव्हते, याचे कारण हेच गणित आहे.

त्यामुळे केवळ सूत्रावर विसंबू नये. चित्रात दिसणाऱ्या आणि नकाशावर ओळखता येणाऱ्या दोन बिंदूंमधील अंतर, उदाहरणार्थ दोन रस्त्यांचे छेद किंवा पूल आणि फाटा, घेऊन प्रमाण पुन्हा काढावे. असे तीन वेगवेगळ्या दिशांचे मोजमाप घ्यावे. तिन्हींत मोठी तफावत आली तर चित्र तिरके आहे असे समजून क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते नकाशावर बसवून घ्यावे. नोंदवहीत “२० मीटर” असे न लिहिता “१९ ते २१.५ मीटर” असे लिहावे.

उंचीसाठी सावली वापरावी. सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उन्नतांशाची (क्षितिजापासूनच्या कोनाची) स्पर्शज्या (टॅन), म्हणजे वस्तूची उंची. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना सावली सात मीटर पडली तर वस्तू साधारण चार मीटर उंच असते. स्थळ, तारीख आणि वेळ ठाऊक असेल तर सूर्याची उंची कोणत्याही खगोलीय गणकावर मिळते. सकाळच्या उड्डाणांची चित्रे यासाठी उत्तम, कारण लांब सावल्यांमुळे जमिनीवरचे उथळ चरही उठून दिसतात. एकाच जागेची परस्परांवर आलेली दोन चित्रे मिळाली तर त्रिमितीदर्शकाखाली (स्टिरिओस्कोप) जरूर पाहावीत. आपल्याकडे महाविद्यालयांतील भूगोलाच्या प्रयोगशाळांत हे छोटे उपकरण असते. सपाट दिसणारा डाग खड्डा आहे की ढिगारा, याचे उत्तर त्यातून क्षणात मिळते, आणि बांधकामाच्या अभ्यासात खड्डा आणि ढिगारा यांतला फरक म्हणजे अर्धे काम.

चाकोऱ्या वाचणे

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. गवताळ जमिनीवरून एखादी जड गाडी गेली की मागे उजळ पट्टा राहतो, त्यावरून दहा गेल्या की तो रस्ता होतो, आणि पाऊस पडला की त्याच्या दोन्ही बाजूंना नवे पट्टे फुटतात, कारण चालक चिखल टाळून कडेने जाऊ लागतात. क्युबात सप्टेंबर-ऑक्टोबर हा पावसाचा काळ आहे. म्हणून रुंदावत गेलेली, वेणीसारखी गुंफलेली चाकोरी दिसली तर तिथून जड वाहतूक सतत झाली आहे असे मानायला हरकत नाही. एकेरी, बारीक चाकोरी शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचीही असू शकते.

चाकोरीचा शेवट पाहावा, तसेच तिची वळणेही पाहावीत. वीस मीटरचा ट्रेलर आणि त्याला ओढणारी गाडी काटकोनात वळू शकत नाही. मागची चाके आतला कोपरा कापतात. म्हणून जिथे गावच्या अरुंद रस्त्याचा कोपरा ताज्या मातीने भरून काढला आहे, कुंपण मागे सरकवले आहे, किंवा शेतातून मोठा कमानदार फेरा घातला आहे, तिथे लांब वाहन गेले असण्याची शक्यता आहे. अशा प्रत्येक वळणाची आतली त्रिज्या मोजून एका तक्त्यात लिहावी. बंदरापासून तळापर्यंतच्या एका मार्गावरील सर्व वळणे पुरेशी मोठी असतील आणि दुसऱ्या मार्गावर एखादेच अशक्य वळण असेल, तर ते एक वळण दुसरा मार्ग बाद करायला पुरेसे असते. हीच कसोटी पूल आणि मोऱ्या यांना लावावी. नव्याने बुजवलेला ओढा, पुलाशेजारून पाण्यातून काढलेला उतार किंवा मोरीवर टाकलेली मुरमाची ताजी भर यांतून वजनाचा अंदाज येतो.

चाकोऱ्यांचा आकृतिबंधही बोलका असतो. क्युबातील एस-७५ विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या तळांवर मध्यभागी रडार, भोवती सहा प्रक्षेपक आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा अशी ताऱ्यासारखी रचना होती, आणि २९ ऑगस्ट १९६२च्या यू-२ उड्डाणात ती स्पष्ट ओळखली गेली. त्याच चित्रांत मध्यम पल्ल्याचा एकही तळ नव्हता. परंतु विमानविरोधी तळ कशाच्या रक्षणासाठी मांडले आहेत, हा प्रश्न त्यांतून उभा राहिला. संरक्षण गुप्तचर संस्थेतील कर्नल जॉन राइट यांनी सान क्रिस्तोबालजवळच्या अशा तळांच्या मांडणीकडे लक्ष वेधले, आणि १४ ऑक्टोबरला मेजर रिचर्ड हायझर यांनी त्याच पट्ट्यावरून उडून घेतलेल्या ९२८ छायाचित्रांत तळ सापडला. भोवतालची मांडणी वाचून मध्य शोधायचा, हा धडा त्यातून घ्यावा.

एक इशारा क्युबापुरता. त्या देशात साखर कारखान्यांसाठी घातलेले लोहमार्ग, उसाच्या गाड्यांच्या वाटा आणि तोडणीनंतरची उघडी शेते सर्वत्र आहेत. जुन्या नकाशावरून आणि आधीच्या चित्रांवरून हे सगळे एका वेगळ्या थरावर आखून घेतल्याशिवाय नवी वाट कोणती हे ठरवू नये. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला हंगामात उसाच्या गाड्यांनी शिवारात पडणाऱ्या चाकोऱ्या ठाऊक आहेत. वरून त्या किती फसव्या दिसतील याची कल्पना त्याला सहज येईल.

माती, काँक्रीट, तंबू

बांधकामाचा आकार दिसला की त्यामागची वाहतूक गणिताने काढता येते. अमेरिकेतील अ‍ॅटलस-एफ क्षेपणास्त्राच्या विवराचे, म्हणजे क्षेपणास्त्र उभे ठेवण्यासाठी खणलेल्या विहिरीसारख्या पोकळीचे, उदाहरण घेऊ, कारण त्याची मापे प्रसिद्ध आहेत: व्यास ५२ फूट, खोली १७४ फूट, म्हणजे साधारण १५.८ आणि ५३ मीटर. नुसत्या पोकळीचे घनफळ सुमारे १०,४०० घनमीटर होते. एका ट्रकमध्ये सहा घनमीटर माती मावते असे धरले तर १७०० हून अधिक फेऱ्या झाल्या, आणि यात खणल्यावर मातीचे फुगणे किंवा जाड भिंतींसाठी करावे लागणारे जादा खोदकाम धरलेलेच नाही. इतकी माती कुठे तरी पडलीच पाहिजे. तिचा ढीग, भराव किंवा पसरलेला उजळ डाग सापडला नाही, तर विवराविषयीचा आपला निष्कर्ष पुन्हा तपासावा.

क्युबातील आर-१२च्या तळांवर असे ढिगारे नव्हते, कारण विवरेच नव्हती. तिथे आधी वाहने आणि तंबू आले आणि बांधकाम त्यांच्या मागून झाले. लांब तंबू हे क्षेपणास्त्रांची तपासणी आणि जोडणी करण्यासाठी होते. लहान तंबूंच्या रांगा माणसांसाठी. याउलट ग्वानाहायला खड्डे, साचे, काँक्रीट आणि बांधकामाची यंत्रे आधी दिसतात, आणि क्षेपणास्त्रे तर तिथे कधी पोहोचलीच नाहीत. हा क्रम लक्षात आला म्हणूनच विश्लेषक आर-१२चे तळ काही दिवसांत सज्ज होतील आणि आर-१४चे डिसेंबरात, असे दोन वेगळे अंदाज मांडू शकले.

२३ ऑक्टोबरपासून अमेरिकी नौदलाच्या आरएफ-८ए विमानांनी झाडांच्या शेंड्यांवरून वेगाने जात घेतलेली चित्रे आली, आणि चित्र पालटले. त्यांत उभारणी-ट्रेलर, जमिनीवरून गेलेल्या केबली, दिशा लावण्यासाठीची थिओडोलाइट-स्थाने आणि अण्वस्त्रांच्या कोठारासाठी आणलेले तयार काँक्रीटच्या कमानींचे तुकडेही दिसतात. हे तुकडे पाहताना थांबावे. कमानी साच्यात ओतलेल्या आहेत, म्हणजे त्या दुसरीकडे तयार झाल्या. त्या आणायला ट्रक आणि उचलायला क्रेन लागली. किती तुकडे उभे आणि किती जमिनीवर पडलेले, हे दोन दिवसांच्या चित्रांत मोजले तर कामाचा दर मिळतो. दर मिळाला की पूर्णत्वाची तारीख काढता येते, अर्थात सामग्रीचा पुरवठा अखंड आहे हे गृहीत धरून, आणि ते गृहीतक निष्कर्षाशेजारीच लिहून.

तिरक्या आणि कमी उंचीवरच्या चित्रांवर सरळ मोजपट्टी लावू नये. जवळची वस्तू मोठी आणि दूरची लहान दिसते, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या, लांबी ठाऊक असलेल्या ट्रकशीच तुलना करावी.

तारखांची साखळी

एका चित्रावरून उभारणी समजत नाही. प्रत्येक तळासाठी तारखेनुसार तक्ता करावा आणि प्रत्येक वस्तूपुढे “दिसते”, “दिसत नाही”, “झाकलेले किंवा ढगाखाली” असे तीनच शेरे द्यावेत. दुसरा आणि तिसरा शेरा कधीही एकत्र करू नये. सप्टेंबरच्या पूर्वार्धापासून १४ ऑक्टोबरपर्यंत पश्चिम क्युबाच्या आतल्या भागावरून उड्डाण झाले नाही, आणि नेमक्या याच काळात तळ उभे राहू लागले. त्या रिकाम्या महिन्याला “काही घडले नाही” असे समजणारा अभ्यासक संपूर्ण प्रकरणच चुकीचे वाचेल.

जहाजे

तळाची कथा बंदरात सुरू होते. जहाजांच्या चित्रांत तीन गोष्टी पाहाव्यात: हॅचची (माल पोटात उतरवण्याच्या डेकवरील तोंडाची) रुंदी, डेकवरचे खोके आणि जहाज पाण्यात किती बुडाले आहे. लाकूड वाहण्यासाठी बांधलेल्या ओम्स्क आणि पोल्तावा या सोव्हिएत जहाजांची हॅच असामान्य मोठी होती आणि ही जहाजे पाण्यावर उंच तरंगत येताना दिसली होती. याचा अर्थ पोटातला माल आकाराने मोठा पण वजनाने हलका होता. धान्याने किंवा सिमेंटने भरलेले जहाज असे तरंगत नाही. ओम्स्क सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कासिल्दा बंदरात आले आणि पोल्तावा मारियेलला. पहिली क्षेपणास्त्रे त्यांच्याच पोटात होती. हे निरीक्षण त्या वेळीही नोंदले गेले होते, पण निष्कर्षापर्यंत नेले गेले नाही. डेकवरच्या खोक्यांच्या मापांवरून आत काय असावे हे ठरवण्याचे तंत्र तर इतके पुढे गेले होते की आयएल-२८ बाँबर विमानांचे सुटे भाग खोक्यांवरूनच ओळखले गेले.

२८ ऑक्टोबरला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी माघार जाहीर केल्यावर हीच साखळी उलटी फिरली, आणि अभ्यासकासाठी तो भाग सोन्यासारखा आहे. नोव्हेंबरच्या चित्रांत मोडलेले ओटे, रिकाम्या जागा, बंदराकडे निघालेले ताफे आणि शेवटी जहाजांच्या डेकवर मोजण्यासाठी उघडी केलेली क्षेपणास्त्रे दिसतात. एकूण ४२ क्षेपणास्त्रे परत गेली. त्याआधी बेटावर छायाचित्रांत मोजली गेलेली संख्या ३३ होती. आपला आवक-तक्ता पूर्ण झाला की या जावक-आकड्याशी ताडून पाहावा.

जे वरून दिसत नाही

नऊ क्षेपणास्त्रांची ती तफावत हा अपघात नव्हता. तशाच आणखी दोन जागा आहेत, आणि त्या समजल्याशिवाय ही पद्धत कोणी वापरू नये असे मला मनापासून वाटते. पहिली माणसांची. ऑक्टोबरमध्ये अमेरिकी अंदाज आठ ते दहा हजार सोव्हिएत सैनिकांचा होता. प्रत्यक्षात सुमारे ४२ हजार होते. ते जहाजांच्या पोटात, डेकखाली बसून आले आणि उतरले ते साध्या कपड्यांत. तंबू मोजून माणसे मोजणाऱ्याला ते सापडणे शक्य नव्हते.

दुसरी जागा अधिक गंभीर आहे. अण्वस्त्रे घेऊन इंदिगिर्का हे जहाज ४ ऑक्टोबरला मारियेल बंदरात पोहोचले होते आणि त्यांतली अण्वस्त्रे हवानाच्या दक्षिणेस बेहुकाल येथील कोठारात नेली गेली. ते कोठार छायाचित्रांत होते. विश्लेषकांनी ते पाहिलेही होते. परंतु अण्वस्त्रांच्या कोठाराभोवती दुहेरी कुंपण आणि कडक पहारा असणारच, अशी त्यांची धारणा होती, आणि इथे ते दिसले नाही. आपल्या देशाच्या सवयी त्यांनी दुसऱ्याच्या तळावर लादल्या. म्हणून नोंदवहीत एक स्तंभ केवळ अपेक्षांसाठी ठेवावा: “अमुक असेल तर तमुक दिसायला हवे असे मी मानतो, कारण…” आणि ते कारण आपल्याकडील अनुभवाचे असेल तर त्याखाली लाल रेघ ओढावी.

सुरुवात कुठून करावी

थेट क्युबापासून सुरुवात करू नये. आधी मापे पूर्णपणे ठाऊक असलेली जागा घ्यावी. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात वॉल गावाजवळचे डेल्टा-०९ हे मिनटमॅन क्षेपणास्त्राचे विवर आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, त्यामुळे त्याचा अभ्यास निःशंकपणे करता येतो. त्याचा व्यास १२ फूट आणि खोली ८० फूट आहे. त्या राज्यात एकूण १५० विवरे होती. दहा विवरांमागे एक नियंत्रण केंद्र. १९९१ नंतर डेल्टा-०९ वगळता ती निकामी करून स्फोटाने बुजवली गेली. गूगल अर्थ प्रो उघडून डेल्टा-०९चे कुंपण, आतला रस्ता आणि झाकणाभोवतीची जागा मोजावी, मग महामार्गापासून तिथवरचे प्रत्येक वळण मोजावे आणि सुमारे १७ मीटर लांबीचे क्षेपणास्त्र वाहणारी गाडी त्यावरून कशी जाईल हे कागदावर आखावे. त्यानंतर कालरेषा मागे सरकवून जवळपासच्या बुजवलेल्या विवरांच्या खुणा शोधाव्यात. आयताकृती कुंपणाचा पुसट ठसा आणि शेतात जाऊन मध्येच थांबणारा खडीचा रस्ता, या दोन खुणा बहुधा सर्वांत उशिरा मिटतात. अशी पाच ठिकाणे कोणाच्या मदतीविना सापडली आणि मापे पाच टक्क्यांच्या आत आली, की मग १४ ऑक्टोबर १९६२चे सान क्रिस्तोबालचे चित्र लेबले झाकून समोर घ्यावे आणि पहिली चाकोरी जिथे डांबरी रस्ता सोडते तिथून आखायला सुरुवात करावी.